शिंपल्याची गुंडी

आईच्या डब्यात शिंपल्याच्या चार गुंड्या आहेत. त्या पाहिल्या की मला अमेरिकेतले मस्कटीन आठवते. आयोवा राज्यातले, मिसिसिपी नदीकाठचे हे लहानसे शहर मी अभ्यासदौऱ्यात पाहिले.

१८९१ साली जॉन बोपल हा जर्मन कारागीर तिथे आला आणि नदीतल्या शिंपल्यांपासून गुंड्या करू लागला. १९०५ साली त्या एका गावात सुमारे दीडशे कोटी गुंड्या झाल्या. हातांना काम मिळाले. पण जो तो नदी खरवडू लागला. शिंपले रोडावले. जवळच्या फेअरपोर्टला सरकारने शिंपले वाढवण्याचे केंद्र काढले. खुद्द बोपलही त्या कामाला लागला, पण १९१२ साली वारला. नदी पहिल्यासारखी भरली नाही. पुढे प्लास्टिक आले आणि धंदा बसला.

आज नदीकाठी शिंपले काढणाऱ्याचा उंच पुतळा आहे, गावात गुंड्यांचे संग्रहालय आहे. त्या पुतळ्यापुढे मला आपल्या आटलेल्या विहिरी दिसल्या. विंधन विहिरींचे अर्ज मीच आनंदाने भरून घेतले होते.

म्हणून विनंती, नवी विंधन विहीर घेण्याआधी जुन्या विहिरीत दोर सोडून पाणी मोजा. यंदाही मोजा, पुढल्या वर्षीही.