ऐकून घेणारा डॉक्टर

साडेदहा ही टीव्हीवरची आडनिडी वेळ. सासवा-सुनांचे हिशेब तोवर मिटलेले असतात, ओटा पुसून झालेला असतो, दुधाला विरजण लागलेलं असतं, आणि घरात जे कोणी अजून जागे असतात त्यांना एकतर झोप येत नसते किंवा झोपायचीच धास्ती असते. ३१ ऑगस्ट २०२० ला झी मराठीनं नेमक्या या वेळेला ‘देवमाणूस’ सुरू केली. त्या दिवसांत आमच्या शहरात दोन्ही प्रकारची माणसं घरटी एक तरी होतीच.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. जुलैमधली १० ते १८ तारखेची कडकडीत टाळेबंदी होऊन गेली होती, पण तिचा धाक गेला नव्हता. गल्ल्यांच्या तोंडाशी ठोकलेले पत्रे कुठे निघाले होते, कुठे तसेच होते. ‘घाटी’ हे आमच्या सरकारी दवाखान्याचं नाव एरवी कुणी फारसं हौसेनं घेत नाही. त्या वर्षी ते दिवसातून दहा वेळा तोंडी येई. चिकलठाण्याच्या मेल्ट्रॉनच्या इमारतीत महापालिकेनं कोविड रुग्णालय थाटलं होतं. एके काळी इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी ओळखलं जाणारं ते नाव आता खाटांच्या संख्येला जोडून ऐकू येई. रात्री जालना रोडवरून रुग्णवाहिका गेली की आई हातातला रिमोट दाबून टीव्हीचा आवाज बारीक करायची. आवाज लांब गेला की पुन्हा मोठा. आणि पडद्यावर कोण? गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला, गोड हसणारा, आयाबायांना नावानिशी ओळखणारा एक डॉक्टर. तो डॉक्टर नव्हता, आणि तो माणसं मारत होता.

हे गुपित मालिकेनं फार काळ दडवून ठेवलं नाही, ही तिची पहिली हुशारी. सातारकडचं कातळवाडी नावाचं एक काल्पनिक गाव, त्यातला सरू आजीचा वाडा, तिथे दवाखाना चालवणारा डॉ. अजितकुमार देव. गाव त्याला देवमाणूस म्हणतं. प्रत्यक्षात तो कुठूनतरी पळून आलेला कंपाउंडर, खरं नाव देवीसिंग. आपल्याला सगळं ठाऊक, गावाला काहीच नाही. ‘कोणी केलं’ हा प्रश्नच उरत नाही. उरतं ते ‘आता कोण’. वाई परिसरात २०१६ मध्ये उघडकीला आलेल्या, एका डॉक्टरवर अनेक खुनांचे आरोप झालेल्या प्रकरणाची मालिकेमागे प्रेरणा आहे, ही चर्चा तेव्हा सगळीकडे होती. आमच्या घरी त्या चर्चेचं कुणाला पडलेलं नव्हतं. आई म्हणायची, “खरं असो नाहीतर खोटं, त्या बाईनं दागिन्यांचा डबा कामून दाखवायचा त्याला?”

किरण गायकवाड हा नट मराठी घरांना माहीत झाला तो ‘लागिरं झालं जी’मधल्या भैय्यासाहेबामुळे. तो गावगुंडाचा थाट होता: आवाज चढा, पाऊल दणकट, आला की चौकात धूळ उडावी असा. ‘देवमाणूस’मध्ये याच नटानं आवाजाचं बटण जवळजवळ बंद केलं. अजितकुमार ओरडत नाही. तो घाईत नसतो. बोलणाऱ्या बाईकडे मान किंचित कलती करून बघत राहतो, तिचं वाक्य मध्येच तोडत नाही, आणि ती थांबली की क्षणभर उशिरानं ‘हं’ म्हणतो. तो उशीर मला फार अभ्यासाचा वाटतो. आपलं बोलणं पोचलंय, आत कुठेतरी उतरलंय, असं समोरच्याला वाटायला तेवढाच वेळ लागतो. मग ती बाई पाठमोरी होते आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरतं. झटक्यानं नाही. आधी डोळ्यांतून, मग गालातून, ओठांवर ते थोडं जास्त रेंगाळतं, विसरून राहिल्यासारखं. कॅमेरा त्या चेहऱ्याच्या फार जवळ जातो. वाईट नटाचं अशा वेळी पितळ उघडं पडलं असतं, कारण वाईट नट लगेच भुवया उचलून ‘बघा, मी खलनायक’ असं सांगायला लागतो. गायकवाड त्या मोहात निदान पहिल्या काही महिन्यांत फारसा पडत नाही. तो डॉक्टर मन लावून करतो. खुनी आपोआप होतो.

आपल्याकडे खलनायकांची मोठी परंपरा आहे. निळू फुल्यांना गावाकडच्या बाया समोरासमोर बोटं मोडायच्या असं सांगतात. पण निळूभाऊंचा माणूस ओळखू येई. त्याच्या नजरेतच त्याचा इरादा असे, आणि पडद्यावरची बाई घाबरली तर बरोबरच घाबरली असं वाटे. अजितकुमारचा पूर्वज मला तिथे सापडत नाही. तो सापडतो नाटकात, निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्यात. ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत झाला. आचार्य अत्र्यांनी ते माधव काझीच्या खऱ्याखुऱ्या खटल्यावर बेतलं होतं, आणि प्रभाकर पणशीकरांनी त्यातला लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज, दाजीशास्त्री दातार ही एकाच भामट्याची पाच रूपं फिरत्या रंगमंचावर वर्षानुवर्षं केली. लग्नाचं आमिष दाखवून बायकांना फसवणारा, आणि कोर्टात थंडपणे सगळं नाकारणारा. लोक हसायचे. त्या हसण्यात पणशीकरांच्या कसबाला दाद होती, आणि फसलेल्या बायकांविषयी थोडा वरचढपणाही होता असा मला संशय आहे. लखोबा पैसे आणि अब्रू घेऊन पसार व्हायचा. अजितकुमार जीव घेतो. साठ वर्षांत भामट्याची भूक वाढली म्हणा, किंवा प्रेक्षकाची.

फरक आणखी एक आहे. लखोबाला पाच सोंगं लागली. अजितकुमारला एकच पुरलं, कारण ते सोंग डॉक्टरचं होतं.

आमच्या लहानपणी गुलमंडीजवळ एक दवाखाना होता. डॉक्टर आत, पडद्यामागे. बाहेर लाकडी काउंटरपाशी कंपाउंडर. औषधाची बाटली आपण घरून न्यायची, स्वच्छ धुऊन. कंपाउंडरकाका तिच्यात गुलाबी मिक्श्चर ओतायचे, मग कागदाची एक पट्टी घ्यायचे, दुमडायचे, कात्रीनं तिच्या कडेला खाचा पाडायचे, उलगडून डिंकानं बाटलीला चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक वेळचं औषध. डॉक्टरांनी काय सांगितलं ते आत गेलेल्या माणसाला निम्मं कळायचं नाही, उरलेलं निम्मं घाबरून विसरायचं. बाहेर आल्यावर काका विचारायचे, “काय म्हणाले?” आणि मग तेच सगळं आपल्या भाषेत समजावून सांगायचे, भात खायचा की नाही, अंघोळ करायची की नाही. म्हाताऱ्या बाया त्यांच्याशीच बोलायच्या. सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल, परभणीला दिलेल्या लेकीबद्दल. रांग खोळंबायची, काका ऐकायचे. डॉक्टर बाहेरगावी असले की लोक काकांकडूनच सुई टोचून घ्यायचे आणि कुणाला त्यात गैर वाटायचं नाही. त्या काकांनी कधी कुणाचं काही वाईट केलं नाही. पण मालिकेत देवीसिंगचं कंपाउंडर असणं उघड झालं तेव्हा मला ती खाचांची पट्टी आठवली आणि अंगावर काटा आला. लेखकानं धंदा अचूक निवडला होता. औषधाची विद्या डॉक्टरकडे असते. पेशंटची विद्या कंपाउंडरकडे.

अजितकुमारच्या हाती लागलेल्या बाया आठवून बघा. त्या मूर्ख नव्हत्या. कुणी एकटी होती, कुणाचा नवरा असून नसल्यासारखा, कुणाकडे चार पैसे होते पण ते ज्याच्यापुढे मोकळेपणानं मोजावेत असं माणूस नव्हतं. अख्ख्या कातळवाडीत त्यांचं बोलणं पुरतं ऐकणारा माणूस एकच, आणि तो खुनी. मालिका हे वाक्य कधी उच्चारत नाही, आणि ती ते मुद्दाम सांगतेय असंही मला वाटत नाही. पण गायकवाडच्या त्या कलत्या मानेतून ते रोज साडेदहाला घरात येत होतं. त्याचं हत्यार इंजेक्शन नव्हतंच. त्याला ऐकता येत होतं.

आणि आपण कुठल्या वर्षात हे बघत होतो? खरे डॉक्टर पीपीई किटमध्ये, चेहरा प्लास्टिकच्या काचेमागे, आवाज दबलेला. बिचारे राबत होते, घामानं निथळत होते, पण त्यांच्याकडे थांबायला वेळ कुठला. आतल्या पेशंटची खबर बाहेर येईल तेव्हा यायची. एका फोनसाठी माणसं तासन् तास मोबाइल हातात धरून बसायची. मार्च २०२१ मध्ये दुसरी लाट आली तेव्हा तर ऑक्सिजनचा आकडा हीच विचारपूस झाली होती. ‘कसे आहात’ऐवजी ‘किती आहे’. अशा रात्रींमध्ये एक डॉक्टर पडद्यावर खुर्ची ओढून बसतो, नाडीवर बोटं ठेवतो आणि म्हातारीचं सगळं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकतो. तो खोटा आहे हे आपल्याला माहीत असतं. तरी बघवत असतं. मला वाटतं, साडेदहाच्या त्या गर्दीत भीतीची ओढ जेवढी होती तेवढीच ही दुसरी ओढ होती, जिची कबुली कुणी दिली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र एकदा गच्चीवर कपडे वाळत घालता घालता बोलून गेल्या, “मेला आहे नीच, पण बोलतो किती मायेनं, नाही?” नवरा आठवडाभर मेल्ट्रॉनला राहून नुकताच घरी आला होता त्यांचा.

मालिकेच्या संथपणाबद्दल बोलायला हवं. रोजच्या मालिकेचा संथपणा कलेतून येत नाही, हिशेबातून येतो. रोज अर्धा तास भरायचा असतो, त्यातल्या जाहिराती वजा जाता उरलेला. म्हणून एक धक्का बसला की घरातल्या पाचही जणांचे चेहरे एकेक करून दाखवायचे, ढण् आवाज तीनदा, आणि उद्याच्या भागात पुन्हा तिथूनच सुरुवात. ‘देवमाणूस’ याला अपवाद नव्हती. टोण्या आणि बज्या या पात्रांचे विनोदी प्रसंग कधी खुसखुशीत, कधी निव्वळ भरताड. सरू आजीच्या म्हणी आणि शिव्या रुक्मिणी सुतारांनी अशा काही ठसक्यात फेकल्या की त्यांच्यासाठी मालिका बघणारेही होते. आमच्याकडे एक आजोबा आजी आली की चष्मा लावायचे आणि डॉक्टर आला की काढायचे. पण गंमत अशी, की या एका मालिकेत तो बाजारी संथपणा कथेच्या कामी आला. विश्वास असाच तर बसतो. आज बीपी फुकट तपासलं, उद्या गोळी उधारीवर दिली, परवा पोराच्या अभ्यासाची चौकशी केली. एका सिनेमात हे दोन मिनिटांच्या गाण्यात उरकलं असतं. इथे आठवडे गेले. त्या आठवड्यांत आपणही बसून होतो, बाईच्या विश्वासाचा एकेक टाका पडताना बघत, आणि ओरडून सांगायची काही सोय नव्हती.

पोलिसांच्या तपासाचा भाग सुरू झाल्यावर मात्र वीण उसवली. नेहा खाननं केलेली एसीपी दिव्या सिंग आली, पाठलाग आले, डाव-प्रतिडाव आले, आणि अजितकुमार कधी कधी स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला नेहमीचा खलनायक झाला. ऐकणारा माणूस बोलायला लागला की त्याचं वजन उतरतं. अस्मिता देशमुखची डिंपल शेवटपर्यंत मला जास्त छळत राहिली. सगळं कळूनही त्याच्या बाजूला उभी राहणारी, प्रेम आणि लोभ यांचा गुंता न सोडवता येणारी घरातलीच मुलगी. तिच्यावर स्वतंत्र मालिका व्हायला हवी होती. १५ ऑगस्ट २०२१ ला पहिलं पर्व संपलं, त्याच वर्षी डिसेंबरात दुसरं आलं, २०२५ मध्ये ‘मधला अध्याय’ आला. मी थोडं थोडं बघितलं. नट तोच, मान तशीच कलती, पण आता आपण सावध होतो आणि त्यालाही ते माहीत होतं. फसवणारा आणि फसणारा दोघंही सावध असले की त्याला कुस्ती म्हणतात, आणि कुस्ती रात्री साडेदहाला बघायची गोष्ट नव्हे.

आमच्या शहराला नट पारखायची खोड जुनी आहे. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून बाहेर पडलेली पोरं, ‘जिगीषा’सारखी इथूनच निघालेली संस्था, तिच्यातून मुंबई गाजवायला गेलेले चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, त्यामुळे चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही नटाचा ‘पॉज’ बरोबर आला की चुकला यावर मत देऊ शकतो. निराला बाजारच्या तापडिया नाट्यमंदिरात एकदा किरण गायकवाडनं लखोबा करावा, असं माझ्या मनात येतं. फिरता रंगमंच नसला तरी चालेल. पणशीकरांची नक्कल न करता, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून समोरच्या साक्षीदार बाईचं सगळं म्हणणं त्यानं नुसतं ऐकावं, मान कलती करून, शेवटपर्यंत. प्रेक्षक हसतील की नाही, हे मला बघायचंय. ढण् आवाज मात्र त्या रात्री कुणी वाजवायचा नाही.