मुदतीबाहेरचे अपील

२०२५ च्या कार्तिकातील गोष्ट. देवळात समाराधना होती. पाने मांडली गेली होती आणि मी पंगतीत बसावयास वाकणार, तोच वाढपासाठी कंबर कसलेला एक मुलगा लगबगीने पुढे आला व मी काही बोलण्यापूर्वीच त्याने भिंतीलगत माझ्यासाठी खुर्ची मांडली. त्याच्या कोंकणीत आर्जव होते, वडीलधाऱ्यांविषयीचा आदर होता. उणे असे काहीच नव्हते. तरीसुद्धा पहिला घास माझ्या घशाखाली सुखाने उतरला नाही. त्रेचाळिसाव्या वर्षीच मी पंगतीतून उठून खुर्चीवर गेलो होतो!

गुडघ्याचे हे दुखणे पाच वर्षांचे. तत्पूर्वी धारवाडला मी रोज संध्याकाळी टेनिस खेळत असे. दिवसा एका कोर्टात आणि संध्याकाळी दुसऱ्या. आणि खरे सांगावयाचे तर दुसऱ्या कोर्टात निकाल फार लवकर लागत. माझे जोडीदार म्हणजे माझ्याहून वीस वर्षांनी वडील असलेले एक वकील. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. उजवा गुडघा कुरकुरू लागला आणि एके दिवशी मी जाणेच बंद केले. अण्णांना साधा निरोपही पाठविला नाही. दुहेरीच्या खेळात एकाने पाठ फिरविली म्हणजे दुसऱ्याचाही खेळ मोडतो, हे मला ठाऊक होते. परंतु आमच्याहून कोवळी पोरे आम्हांला हरवू लागली होती आणि ते मला सोसत नव्हते. गुडघा ही सबब होती. कारण निराळे होते. पक्षकाराच्या बाबतीत सबब आणि कारण यांतील भेद मला तत्काळ कळतो. स्वतःच्या बाबतीत कळावयास पाच वर्षे लागली.

समाराधनेच्याच सुमारास वर्तमानपत्रात बातमी आली, की कोडगूच्या रोहन बोपण्णाने व्यावसायिक टेनिसमधून निवृत्ती पत्करली. वय वर्षे पंचेचाळीस. मी ती बातमी दोनदा वाचली. ज्या वयात मी खुर्चीवर बसलो, त्याच त्रेचाळिसाव्या वर्षी, जानेवारी २०२४ मध्ये, या गृहस्थाने मॅथ्यू एब्डनच्या जोडीने मेलबर्नला ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले आणि दुहेरीत जगातील पहिला क्रमांक पटकाविला. इतक्या वयात तो मान पूर्वी कोणालाही मिळाला नव्हता. २०१० साली आणि पुन्हा २०२३ साली अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो हरला होता. २०२३ मध्येच हांगचौच्या आशियाई स्पर्धेत ऋतुजा भोसले या मराठी मुलीबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदकही त्याने आणले.

पण मला मोह पडला तो या पदकांचा नव्हे. २०२१ च्या आरंभी तो सामन्यामागून सामने हरत होता. पोर्तुगालमधील एस्टोरिल येथे समुद्राकडे तोंड करून बसला असता, घरी बायको व लहानगी मुलगी असताना आपण हे कशासाठी करीत आहोत, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला. त्याच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजून गेली होती. वेदनाशामक गोळ्यांवर खेळ चालला होता. त्याला आधार मिळाला तो २०२० पासून शिकू लागलेल्या अय्यंगार पद्धतीच्या योगाचा.

येथे मात्र माझ्यासारख्या धारवाडकराने कान टवकारणे साहजिक आहे. बेळ्ळूरसारख्या खेड्यात १९१८ साली जन्मलेले आणि बालपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पोखरलेले बी. के. एस. अय्यंगार १९३६ साली आपल्या गुरूंबरोबर योगाची प्रात्यक्षिके देत या उत्तर कर्नाटकात आले होते. धारवाडच्या काही स्त्रियांनी शिकण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा शिष्यांत सर्वांत लहान म्हणून हे काम या सतरा वर्षांच्या मुलाकडे आले. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांनी त्याला हेरले आणि १९३७ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शिकविण्यास बोलाविले. दोऱ्या, पट्टे, लाकडी ठोकळे यांचा टेकू देऊन दुबळ्या देहालाही आसन साधून देण्याची त्यांची पद्धत पुढे पुण्यातूनच जगभर गेली. स्वतः दुबळे शरीर भोगलेल्या माणसालाच टेकूचे मोल कळावे, यात नवल ते काय? आणि मी मात्र त्याच धारवाडात बसून खुर्चीचा टेकू म्हणजे अपमान समजत होतो!

आमच्या मुदतीच्या कायद्यात ५ वे कलम मोठे दयाळू आहे. मुदत टळून गेलेले अपीलही, विलंबास पुरेसे कारण दाखविल्यास, न्यायालय दाखल करून घेऊ शकते. मात्र विलंबाच्या दिवसादिवसाचे स्पष्टीकरण द्यावे लागते, असा जुना दंडक आम्ही वकील एकमेकांविरुद्ध नित्य उगारीत असतो. पाच वर्षांच्या दिवसादिवसाचे काय स्पष्टीकरण मी अण्णांना देणार होतो?

काही महिने एका शिक्षकाकडे पट्टे आणि ठोकळे घेऊन धडपडल्यानंतर एका संध्याकाळी मी कोर्टावर गेलो. अण्णा कडेच्या बाकावर रॅकेट मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना जोडीदार नव्हता. मी मनाशी जुळविलेला युक्तिवाद आरंभिणार, इतक्यात ते उठले, चेंडू माझ्या हाती दिला आणि म्हणाले, "आधी सर्व्हिस कर. भाषण नंतर."

आम्ही सडकून हरलो. भाषण राहूनच गेले. विलंब माफ झाला होता, आणि तोही कारणे न नोंदविता!

पुढल्या समाराधनेला मी खाली बसेन की खुर्चीवर, हे गुडघा ठरवील. तो मुलगा पुन्हा खुर्ची मांडील तर मी ती निमूटपणे घेईन, आणि पहिला घास गोड लागेल.