बोजा असलेली गाडी

मनुस्मृतींत व्यवहाराचीं जीं अठरा विवादपदें सांगितलीं आहेत, त्यांत पहिलें ऋणादान आणि तिसरें अस्वामिविक्रय. कर्जाची देवघेव हें एक, व जी वस्तु आपल्या पूर्ण मालकीची नाहीं ती विकणें हें दुसरें. या दोन पदांची गांठ एकाच वस्तूंत पडते आणि ती वस्तु आपल्याच अंगणांत उभी असते, हा अनुभव आतां पुष्कळ घरांना येऊं लागला आहे. ती वस्तु म्हणजे हप्त्यांवर घेतलेली मोटारगाडी. नोकरीची बदली होते, घरांत अडचण निघते, आणि कर्ज फिटण्यापूर्वींच गाडी विकण्याची वेळ येते. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरीं हा प्रश्न उभा राहिला. त्यांतून जें समजलें तें चार कुटुंबांच्या उपयोगीं पडावें, एवढ्यासाठीं हा लेख.

आमचें बिऱ्हाड धडगांवीं आहे. अक्राणी तालुक्याचें हें मुख्य ठिकाण सातपुड्याच्या कुशींत वसलें आहे. येथें आगगाडी नाहीं. शहाद्यास जा कीं तळोद्यास जा, घाट उतरल्यावांचून गत्यंतर नाहीं. पावसाळ्यांत चांदसैलीच्या घाटांत दरड आली म्हणजे आजारी माणसाचे नातेवाईक देवाचा धांवा करीत बसतात. अशा गांवीं गाडी ही चैन नव्हे. तीन वर्षांपूर्वीं आमच्या पुतण्यानें बँकेचें कर्ज काढून गाडी घेतली, तेव्हां म्हणूनच आम्हीं हरकत घेतली नाहीं. साठ हप्त्यांपैकीं छत्तीस फिटले होते. दरमहा ९,५०० रुपयांचे चोवीस बाकी होते. इतक्यांत त्याची नाशिकला बदली झाली. तेथें जागेसाठीं रोख रक्कम हवी, आणि गाडीची गरज नाहीं. तेव्हां ती विकावी असें ठरलें.

गिऱ्हाईकही लवकरच आलें. जवळच्या एका पाड्यावरचा तरुण, एके काळचा आमचा विद्यार्थी. पावरी घरांतला हा मुलगा आमच्यापाशीं मराठी वाचावयास शिकला. पुढें दोन-तीन वर्षें गुजराथेंत मजुरीस गेला, घरच्या आंब्यांचा आमचूर विकला, आणि २,१०,००० रुपये गांठीस बांधले. एका दलालानें मध्यें पडून सौदा जुळविला तो असा: मुलानें २,१०,००० रुपये पुतण्यास द्यावे व गाडी घेऊन जावें, उरलेले चोवीस हप्ते पुतण्याच्या नांवावर भरीत राहावें, दोन वर्षांनीं कर्ज फिटलें म्हणजे गाडी नांवावर करून घ्यावी. तोंवर मुद्रांकाच्या कागदावर करार व नोटरीचा शिक्का.

“काका, सगळे असेंच करतात,” पुतण्या म्हणाला.

सगळे करतात हें खरें. परंतु करार वाचून झाल्यावर आम्हीं गाडीचें नोंदणीपत्र मागून घेतलें. त्यावर मालक म्हणून पुतण्याचें नांव होतें, आणि त्याखालीं कर्ज देणाऱ्या बँकेचें. यालाच लोक गाडीवर बोजा असणें म्हणतात. कायद्याच्या मराठींत नजरगहाण. स्मृतिकारांनीं गहाणाचे गोप्य आणि भोग्य असे प्रकार सांगितले आहेत. पहिल्यांत सावकारानें वस्तु नुसती सांभाळावयाची, दुसऱ्यांत तिचा उपभोग घ्यावयाचा. दोहोंतही वस्तु सावकाराच्या घरीं. नजरगहाणांत उलट आहे. वस्तु ऋणकोच्या दारीं राहते, तिचा उपभोगही तोच घेतो. धनकोचा हात मात्र तिच्यावर अदृश्यपणें ठेवलेला असतो. हात दिसत नाहीं म्हणून तो नाहींच असें समजणें, हेंच या सौद्याचें मूळ.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या ५१ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, असा बोजा नोंदलेला असतांना त्या धनकोच्या लेखी संमतीवांचून मालकीबदलाची नोंद नोंदणीपत्रांत करतां येत नाहीं. याज्ञवल्क्यानेंही हाच न्याय सांगितला आहे. इतर अर्थविवादांत मागाहून झालेली क्रिया बलवत्तर मानावी; परंतु गहाण, दान आणि खरेदी यांत आधीं झालेली क्रिया बलवत्तर. बँकेचें गहाण आधींचें, मुलाची खरेदी मागाहूनची. नोटरीच्या शिक्क्यानें हा क्रम उलटत नाहीं. नोटरी सह्या कोणाच्या एवढें पाहतो. जी बँक करारांत सामीलच नाहीं, तिला तो करार बांधीत नाहीं.

यांत त्या मुलाचें काय होऊं शकतें हें आम्हीं पुतण्यास समजावून सांगितलें. समज, त्यानें हप्त्याचे पैसे दरमहा तुझ्याकडे पाठविले, आणि तुझ्याच अडचणींत ते दोन-तीन महिने खर्ची पडले. बँक गाडी उचलून नेईल. त्यानें कागद दाखविला तरी बँक म्हणेल, आम्ही तुम्हांस ओळखत नाहीं. गाडी गेली, आणि २,१०,००० रुपयेही गेले. विम्याची गोष्टही तशीच. तो तुझ्या नांवावर राहिला, तर गाडीच्या मोडतोडीची भरपाई मागण्यास मुलाला तोंड उरत नाहीं.

“म्हणजे तुम्ही विद्यार्थ्याचें हित पाहतां, पुतण्याचें नाहीं,” तो जरा रागानेंच म्हणाला. नाशिकच्या जागेची तारीख जवळ येत होती. त्याचा राग अनाठायीं नव्हता. परंतु विकणाऱ्याचें संकट घेणाऱ्यापेक्षां लहान नाहीं. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या फेब्रुवारींत दिलेला निर्णय प्रत्येक गाडीवाल्यानें ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. त्यांतली गाडी मूळ मालकानें विकली होती, आणि पुढेंही ती एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली होती. नोंद मात्र पहिल्याच्याच नांवीं राहिली. २००९ सालीं त्या गाडीचा अपघात झाला, त्यांत मनुष्य दगावला. ज्याचें नांव सरकारी नोंदींत तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याची, असें न्यायालयानें ठरविलें. आम्हीं पुतण्यास एवढेंच विचारलें: पुढील दोन पावसाळे ही गाडी चांदसैलीचा घाट चढेल-उतरेल, ती कोण चालवितो तें तुला नाशिकांत दिसणार नाहीं, आणि नांव मात्र तुझें. तुला झोंप येईल काय?

तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशीं तिघे मिळून बँकेंत गेलों.

सरळ मार्ग फारसा लांबही नाहीं. प्रथम बँकेकडून अमुक तारखेस कर्ज पुरतें फेडावयाचें तर किती रक्कम लागेल, याचें लेखी पत्रक घ्यावें. त्यांत शिल्लक मुद्दल, त्या दिवसापर्यंतचें व्याज आणि मुदतपूर्व फेडीचा आकार धरलेला असतो. व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या कर्जांवर हा आकार घेण्यास रिझर्व्ह बँकेनें २०१४ सालीं मनाई केली. परंतु गाडीचें कर्ज बहुधा ठराविक दराचें असतें, म्हणून आपला करार वाचून पाहावा. आमची रक्कम २,०८,००० रुपये निघाली. ती घेणाऱ्यानें विकणाऱ्याच्या हातीं न देतां थेट कर्जखात्यांत भरावी व पावती घ्यावी. खातें बंद झालें म्हणजे बँक ना हरकत दाखला आणि सह्या केलेला ३५ नंबरचा नमुना देते. त्यावर बोजा उतरतो. मालकीबदलास २९ व ३० नंबरचे नमुने लागतात. विक्री राज्यांतल्या राज्यांत असेल तर विकणाऱ्यानें १४ दिवसांच्या आंत आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें, असा कायदा आहे. आमच्या जिल्ह्याचें कार्यालय नंदुरबारास. विमा नांवावर करण्याचा अर्जही त्याच सुमारास द्यावा. घेणाऱ्यापाशीं एवढी रोकड नसेल तर त्यानें स्वतःच्या नांवें कर्ज काढावें. नव्या बँकेनें जुनीचें देणें फेडावें, आणि नोंदणीपत्रावर नव्या मालकाबरोबर नव्या बँकेचें नांव चढावें. वाट कोणतीही असो, कागदावरचा मालक आणि गाडीवरचा मालक एकच राहिला पाहिजे.

हिशेब असा झाला. मुलाच्या २,१०,००० पैकीं २,०८,००० बँकेस गेले; उरलेले दोन हजार सरकारी फी व जाण्यायेण्यांत. चोवीस हप्त्यांचे त्यास २,२८,००० भरावे लागले असते; त्यांत वीस हजार वांचले. पुतण्याचे २,१०,००० मात्र येणें राहिले. मुलानें ते दोन भागांत द्यावे असें लिहून ठेवलें: १,०५,००० होळीनंतर, आणि तितकेच ज्येष्ठांत, आमचूर विकल्यावर. पुतण्याची नाशिकची नड आमच्या एकत्र कुटुंबाच्या शिलकेंतून भागविली. त्यासाठीं आमच्या कुटुंबानें व वहिनींनीं घराच्या पन्हाळीचें काम एक वर्ष पुढें ढकललें. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांत पातेलीं मांडावीं लागतील, हें दोघींना ठाऊक होतें.

कोणी म्हणेल, जोखीम गेली कोठें? मुलाची होती ती तुमच्यावर आली. अगदीं खरें. कर्जाच्या व्यवहारांत जोखीम नाहींशी होत नसते. ती कोणी उचलावी एवढेंच ठरवावयाचें असतें. पहिल्या सौद्यांत तिचा मोठा वांटा ज्याच्यापाशीं दुसरा आधार नव्हता त्याच्या माथीं होता, आणि तो किती आहे हें त्याला कोणी सांगितलेंही नव्हतें. आतां ती ज्या घरांत चार मिळवते हात आहेत त्या घरानें घेतली आहे, आणि घेतांना सर्वांस ती ठाऊक होती. होळीनंतरचे १,०५,००० वेळेवर आले. ज्येष्ठाचे यावयाचे आहेत. नोंदणीपत्र मुलाच्या नांवें झालें आहे व त्यावरचा बोजा उतरला आहे.

एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्यांचें काम तरुणांचे व्यवहार अडविण्याचें नव्हे. परंतु सही होण्यापूर्वीं कागद एकदां मोठ्यानें वाचण्याचा हक्क त्यांनीं सोडूं नये. आणि तो कागद समोरच्या पक्षासही समजेल असा वाचावा. विशेषतः त्या पक्षास वाचावयास आपणच शिकविलें असेल तर.