आई ‘नाही’ म्हणते, आजी ‘हो’ म्हणते

कुटुंब-समुपदेशनासाठी येणारी घरे बहुधा मुलाची तक्रार घेऊन येतात. नातू जेवत नाही, मोबाइल सोडत नाही, मनासारखे न झाल्यास जमिनीवर लोळण घेतो. तासभर बोलणे झाल्यावर मात्र निराळेच चित्र दिसू लागते. मूल एक, त्याला सांभाळणारी माणसे चार, आणि त्या चौघांचे याविषयी आपसांत बोलणे असे कधी झालेलेच नाही. मुलगा-सून वा लेक-जावई कामावर गेल्यावर दिवसाचे आठ-दहा तास नातवंडे सांभाळणाऱ्या आपणांसाठी हे लिहीत आहे. माझ्याही घरी तीन वर्षांची नात आहे. तेव्हा हे सारे केवळ पुस्तकी नव्हे.

संध्याकाळी सातची वेळ घ्या. सून नुकतीच घरी आलेली, कुकर गॅसवर, आणि नातू बिस्किट मागतो. “आता नाही, जेवायचंय,” असे आई सांगते. रडणे सुरू होते. आजोबांना ते ऐकवत नाही. ते हळूच डबा उघडतात. एका बिस्किटाने भूक थोडी मरेल, ते नुकसान लहानच. परंतु नातवाला त्या क्षणी एक वाट सापडते: एकाने नाही म्हटले की दुसऱ्याकडे जावे. कुटुंबोपचाराचे एक अध्वर्यू साल्वादोर मिनुचिन यांनी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पिढ्यांमधील सीमारेषांवर भर दिला आहे. एक मोठे माणूस आणि मूल मिळून दुसऱ्या मोठ्या माणसाविरुद्ध गट करू लागले, की घराची घडी विस्कटते. गट करण्याचा आजोबांचा हेतू नसतो, हे मी जाणते. तरीही तो होतो.

अशा वेळी आपण काय करावे? मायेला आवर घालावा, असे मी मुळीच म्हणणार नाही. “आईने नाही म्हटलंय ना राजा, मग आता नाही. ये, माझ्या मांडीवर बस,” एवढे म्हणता येते. वस्तू मिळत नाही, पण मांडी मिळते. मुलाला दुसरीचीच गरज अधिक असते. सुनेचा नकार आपणांस पटला नसेल, तर तो विषय मूल झोपल्यावर काढावा. दिवसभर आपण घरी असताना आपला शब्द आणि आईवडील परतल्यावर त्यांचा, ही वाटणीही अनेक घरांत उपयोगी पडलेली मी पाहिली आहे.

जेवणाचा प्रश्न याहून सोपा आहे, पण आपण तो अवघड करून ठेवतो. काय, केव्हा आणि कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खायचे ते मुलाने, अशी विभागणी एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ सुचवतात. काऊ-चिऊच्या घासांवर मुले वाढवलेल्या आपल्या पिढीला अर्धी पोळी ताटात राहिलेली बघवत नाही. मग समोर मोबाइल येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाचा पडद्यासमोरील वेळ दिवसाला एका तासापुढे जाऊ नये; कमी असेल तितके उत्तम. अर्ध्या तासाने शांतपणे ताट उचलावे. मधल्या वेळचे दूध किती होते, तेही पाहावे. दुधाने पोट भरलेले मूल पोळी कशी खाणार? वजन वाढत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मूल लोळण घेऊन किंचाळत असताना उपदेश करू नये. त्याला तो ऐकूच येत नाही. जवळ बसावे. गुडघे परवानगी देत नसतील, तर खुर्ची ओढून घ्यावी.

आता जे सांगायचे आहे, त्यासाठी ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. अडुसष्ट वर्षांच्या एक आजी मुलगा-सुनेसह आल्या होत्या. तक्रार नातवाच्या खाण्याचीच. त्यांना मधुमेह, इन्सुलिन चालू. नातवाला भरवण्यात त्यांचे स्वतःचे जेवण दोन-दोन वाजेपर्यंत लांबे, आणि दोनदा साखर उतरून त्यांना घाम फुटला होता. घरात हे कोणालाही ठाऊक नव्हते. “दमते असं म्हटलं, तर यांना वाटेल आईला नको झालंय. मग परक्या बाईकडे ठेवतील त्याला,” असे त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. सून बराच वेळ गप्प होती. मग ती म्हणाली, “आई एवढं करतात, मी कोणत्या तोंडाने मोबाइल देऊ नका म्हणू?”

दोघीही एकमेकींना दुखवू नये म्हणूनच दोन वर्षे बोलल्या नव्हत्या. मी वेगळे काही सुचवले नाही. फक्त मुलाच्या खाण्याचा विषय बाजूला ठेवून आजींच्या जेवणाची वेळ विचारली.

आता साडेबारा वाजता आजी नातवाच्या शेजारी स्वतःचे ताट घेऊन बसतात आणि आधी आपण जेवू लागतात. मोबाइल त्या वेळी दुसऱ्या खोलीत असतो. आठवड्यातून दोन दिवस मूल जवळच्या पाळणाघरात जाते. ते दिवस कोणते असावेत, हे आजींनी ठरवले. त्यांतला एक भजनाचा आहे. इन्सुलिननंतर जेवण लांबू नये आणि साखर उतरल्यास काय द्यावे, हे मुलाने डॉक्टरांकडून समजून घेऊन कागदावर लिहिले आहे आणि तो कागद फ्रिजच्या दारावर लावला आहे.