म्युनिकमध्ये आधी पत्ता, मग बाकी सगळे

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये किती पैसे ठेवायचे, याचा हिशेब सप्टेंबर 2024 पासून दरमहा 992 युरो असा आहे. जर्मन सरकार आपल्या गरजू विद्यार्थ्यांना जे अर्थसाहाय्य देते, त्याची कमाल मर्यादा म्हणजेच हा आकडा. त्यात दैनंदिन खर्चासाठी 475, घरभाड्यासाठी 380 आणि विम्यासाठी 137 युरो धरलेले असतात. हे गणित साऱ्या देशासाठी एकच आहे. म्युनिकमध्ये मात्र तीन-चार जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधली, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘वेगे’मधली, एक खोली साधारण 800 युरोंना पडते. व्हिसा मिळाला म्हणजे पैशांची सोय झाली, असे नाशिकमधल्या घराघरांत समजले जाते. म्युनिकपुरते ते खरे नाही.

एक-दोन सत्रांसाठी एक्स्चेंजवर जाणाऱ्याला शिक्षणशुल्काची चिंता नसते. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले, पण एक्स्चेंज विद्यार्थी त्यातून वगळलेले आहेत. त्यामुळे त्याच्या खर्चाचा सगळा भार खोलीवर येतो.

खोली शोधत फिरण्याचा अनुभव नाशिक जिल्ह्याला अगदी नवा नाही. कळवण, पेठ किंवा निफाडहून कॉलेजसाठी नाशकात आलेला मुलगा हेच करतो. तो कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात फिरतो, फाटकांवरच्या ‘रूम भाड्याने देणे आहे’ या पाट्या वाचतो, चहाच्या टपरीवर विचारतो, गावच्या ओळखीतला कोणी सापडला तर त्याच्या खोलीत आठवडाभर पथारी टाकतो. कॉट बेसिसवर जागा मिळते, डिपॉझिट बोलून ठरते, मेस लागते. जमेपर्यंत घरचा डबा एसटीने येतो. या व्यवस्थेत लेखी फारसे काही नसते, ओळख आणि शब्द यांवर ती चालते. पैसे कमी असलेल्या मुलाला एका दिवसात डोक्यावर छप्पर देण्याचे तिचे सामर्थ्य मोठे आहे, आणि त्या बाबतीत नाशिक म्युनिकपेक्षा माणसाला लवकर सामावून घेते. उलट बाजूही सांगायला हवी: मालकाने महिन्याच्या मुदतीवर खोली सोडायला सांगितली, किंवा डिपॉझिट परत दिले नाही, तर नाशिकच्या मुलाच्या हाती कागद नसतो. म्युनिकमध्ये कागद मिळवायला महिने जातात, पण मिळालेला कागद भाडेकरूच्या बाजूने उभा राहतो.

म्युनिकमध्ये गरज पडते ती मुख्यतः दोन कागदांची. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी हा माणूस इथे राहतो, असे घरमालकाने सही करून दिलेले पत्र लागते. मित्राच्या खोलीत पथारी टाकून हे पत्र मिळत नाही. ही नोंद पुढे करनोंदणी क्रमांकासाठी, निवासपरवाना वाढवण्यासाठी आणि बहुतेक बँकांत खाते उघडण्यासाठी लागते. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न एकच: या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल का? जिथे उत्तर नाही असे येते, ती खोली स्वस्त असली तरी घेऊ नये.

मार्ग दोन आहेत. पहिला विद्यार्थी वसतिगृहांचा. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये महिला खेळाडूंसाठी बांधलेल्या वस्तीच्या जागी आज विद्यार्थ्यांचे छोटे बंगले आहेत. शहराच्या फ्राइमान भागातली ‘श्टुडेंटनश्टाट’ तर देशातल्या सर्वांत मोठ्या विद्यार्थी वसाहतींपैकी एक. पण 2021 मधल्या आगीनंतर तिथल्या उंच इमारती दुरुस्तीसाठी बंद झाल्या आणि हजाराहून अधिक खोल्या रिकाम्या पडल्या. त्यामुळे रांग आणखी लांबली. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठी काही खोल्या राखीव असतील, तर प्रवेशपत्र आल्याच दिवशी अर्ज करावा.

दुसरा मार्ग ‘झ्विशनमीटे’चा, म्हणजे मधल्या काळापुरत्या भाड्याचा. म्युनिकचे विद्यार्थीही एक्स्चेंजवर बाहेर जातात आणि त्यांची खोली नेमकी एका सत्रापुरती रिकामी होते. सामान, गादी, भांडी आत असतात. पाच-सहा महिन्यांसाठी येणाऱ्याला याहून सोयीचे काही नाही. मात्र खोली न दाखवता, किल्ली टपालाने पाठवतो म्हणून आगाऊ पैसे मागणारी जाहिरात हमखास फसवी असते.

जाहिरात वाचताना दोन शब्द नीट बघावेत. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचे थंड भाडे. ‘वार्ममीटे’त हीटिंग, पाणी, कचरा यांचा खर्चही धरलेला असतो. वीज आणि इंटरनेट बहुधा वेगळे पडतात. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतके घेता येते. बहुतेकांचा हिशेब चुकतो तो इथे. थंड भाडे 600 युरो असेल तर डिपॉझिट 1800 युरोंपर्यंत जाते, आणि ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला 992 च सुटतात, तेही चालू खाते उघडल्यावर. खात्यात हजारो युरो असूनही खोलीची किल्ली हाती येत नाही. म्हणून डिपॉझिट, पहिले भाडे आणि पहिल्या तीन आठवड्यांचा खर्च घरूनच वेगळा न्यावा. शैक्षणिक कर्ज काढताना ही रक्कम अर्जातच धरावी.

पोहोचण्याची वेळही महत्त्वाची आहे. हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, तर ऑक्टोबरफेस्ट हा शहराचा मोठा उत्सव सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. त्या दोन आठवड्यांत साध्या हॉस्टेलमधल्या खाटेचाही दर कडाडतो. खोली ठरली नसेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला पोहोचणे स्वस्त पडते.

खोलीचा प्रश्न सुटला की बाकीचे शहर परवडते. तांदूळ, डाळ, पीठ, दूध स्वस्त दुकानांत आवाक्यात मिळते, आणि विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, एक वेळचे जेवण भागते. दुकाने रात्री आठला आणि रविवारी पूर्ण बंद असतात, म्हणून शनिवारी बाजार करावा. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीमागे घेतलेले 25 सेंट बाटली परत केल्यावर मिळतात. बव्हेरियातल्या विद्यार्थ्यांना देशभर चालणारा लोकल गाड्यांचा पास 2025 मध्ये महिना 38 युरोंना मिळत होता.

निघतानाही पत्त्याचे काम उरते. देश सोडताना नोंद रद्द करावी लागते. डिपॉझिट मात्र खोली तपासून, हीटिंगचा हिशेब पूर्ण करून, कधी कधी काही महिन्यांनी परत येते. तोवर जर्मन खाते बंद करू नये, आणि खोली ताब्यात घेताना व सोडताना मालकासह लिहून घेतलेली नोंद, फोटोंसह, जपून ठेवावी.