इंजिनाचा आजार आणि आमचा

वाचकहो, आमच्या घरी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नंबर लावून ती घेतली तेव्हा मी दुसरीत होतो. तिचे १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे इंजिन आजही उत्तम चालते, याचे श्रेय अण्णांच्या एका जाड वहीला आहे. तेल कधी बदलले, टॅपेट कधी जुळवले, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांचे अंतर फीलर गेजने कधी तपासले, हे सारे त्या वहीत तारखेनिशी लिहिलेले आहे. अण्णा आता ८० वर्षांचे आहेत. दहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयवाहिनीत स्टेंट बसवला आहे. त्या घटनेची मात्र वहीत नोंद नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात इंजिन बिघडले. गरम झाले की आयडलिंगला धडधडू लागे, मागून काळसर धूर येई आणि पेट्रोल भराभर संपे. आम्ही दोघांनी रविवार सकाळ या कामासाठी राखून ठेवली. बाहेर पाऊस कोसळत असल्याने गॅरेजचे शटर गुडघ्याइतके उघडे ठेवून आम्ही आत काम करीत असू. पहिल्याच रविवारी आम्ही प्लग, कंडेन्सर आणि कॉइल एकदम बदलून टाकले. घाईची ही पद्धत अण्णांच्या वहीच्या शिस्तीत बसणारी नव्हती. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही. शिवाय धडधड कायमच राहिली.

त्या दिवशी दुपारी अण्णांचे डोके दुखू लागले. ‘पित्त झाले असेल,’ म्हणून त्यांनी आमसुलाचे पाणी घेतले आणि संध्याकाळपर्यंत ते बरे झाले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी माझेही डोके जड झाले होते. पण आदल्या रात्रीच्या जागरणाला दोष देऊन मी मोकळा झालो. तिसऱ्या रविवारी कार्बुरेटरचा स्क्रू फिरवीत इंजिन अर्धा तास चालू ठेवले असताना अण्णा एकाएकी पायरीवर बसले. त्यांना उलटी झाली. ‘छातीवर दडपण आल्यासारखं वाटतंय रे,’ ते म्हणाले.

पत्नीने धावत ऑक्सिमीटर आणला. त्यावर ९८ हा आकडा दिसताच आम्हाला क्षणभर हायसे वाटले. सुदैवाने त्या आकड्यावर विसंबून आम्ही घरी थांबलो नाही.

रुग्णालयातील डॉक्टरांनी ईसीजी काढता काढता विचारले, ‘अण्णा, हा त्रास रविवारीच का होतो? त्या वेळी तुम्ही कुठे असता? सोबत आणखी कोणाचं डोकं दुखतं का?’ मी खाली मान घालून माझी डोकेदुखी कबूल केली. रक्ताची तपासणी झाली आणि कारण स्पष्ट झाले. आमच्या दोघांच्याही शरीरात कार्बन मोनॉक्साइड गेला होता.

या वायूला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या अपुऱ्या ज्वलनातून तो तयार होतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. घरातील साध्या ऑक्सिमीटरला तो ओळखता येत नाही. वायूने अडवलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते. म्हणूनच तो ९८ चा आकडा फसवा होता. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू दिला तर सुमारे तास-दीड तास पुरतो. हृदयरुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना धोका अधिक असतो. अण्णांना रात्रभर रुग्णालयात ठेवले. ती रात्र मी बाहेरच्या बाकावर कशी काढली, ते येथे लिहीत नाही.

घरी परतल्यावर अण्णांनी वही मागवली. ‘आता एका वेळी एकच गोष्ट,’ ते म्हणाले. पाऊस थांबल्यावर आम्ही गाडी ढकलत अंगणात आणली. प्लग काढले, तर चारांवरही मखमलीसारखी कोरडी काजळी होती. एकच प्लग काळा असता, तर त्या एका सिलिंडरचा दोष शोधावा लागला असता. चारही सारखे काळे, म्हणजे कारण सामाईक होते. मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी पडत होती. एअर फिल्टर स्वच्छ केला. फारसा फरक पडला नाही. मग चोकची तार पाहिली. ती गंजली होती. खुंटी आत ढकलली तरी कार्बुरेटरपाशी चोक पूर्ण सुटत नव्हता. नवी तार बसवली, आयडलिंग पुन्हा जुळवले. आठवड्याने प्लग पाहिले, तर त्यांच्यावर फिकट तपकिरी, निरोगी रंग आला होता.

वाचकहो, मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की आम्ही शोधत होतो तो दोष आणि आम्हाला आजारी पाडणारा दोष एकच होता. जास्त पेट्रोल घेणारे इंजिन अधिक कार्बन मोनॉक्साइड सोडते, आणि या जुन्या गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो. काळा धूर आम्ही पाहत होतो, डोकेदुखी सोसत होतो. पण एकाची नोंद वहीत होत होती आणि दुसऱ्याची कोठेच नाही.

आपल्या घरी जुनी गाडी असो वा नसो, इतके अवश्य पाळा. शटर अर्धे उघडे असले तरी गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. गाडी उघड्यावर आणा. बंद न्हाणीघरातील गॅस गीझर, खोलीतील कोळशाची शेगडी आणि घरालगतचा जनरेटर यांपासूनही हाच धोका आहे. एकाच जागी असलेल्या दोघांचे डोके दुखू लागले आणि मोकळ्या हवेत बरे वाटले, तर पित्ताला दोष देऊ नका. आधी सर्वांना बाहेर काढा आणि विलंब न लावता रुग्णालय गाठा. डॉक्टरांना तो धूर कोठून आला असावा, तेही सांगा.

अण्णा आजही रविवारी बॉनेट उघडतात, मात्र अंगणात. वहीत आता एक नवा रकाना आखला आहे. त्यात गाडीची नव्हे, अण्णांची प्रकृती लिहिली जाते. आणि तो भरण्याचे काम त्यांनी माझ्याकडे सोपवले आहे.