मीठपाणी

भवानीपूरला राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. समोरच्या बौदींचा अडीच वर्षांचा मुलगा शीतपेयाच्या बाटलीतलं रॉकेल प्यायला. किती, कुणालाच ठाऊक नाही. बौदी ग्लासात मीठपाणी ढवळत होत्या. उलटी करवायची होती.

मी ग्लास ओढून घेतला आणि मोरीत ओतला. बौदी माझ्याकडे बघतच राहिल्या.

वर्ध्याला आजीने माझ्या धाकट्या भावाला असंच मीठपाणी पाजलं होतं. तो ओकला, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि रात्री त्याला धाप लागली. रॉकेल पोटात फारसा घात करत नाही. उलटीबरोबर वर येताना श्वासनळीत उतरतं आणि फुप्फुस सुजवतं. मीठ जास्त झालं तर लहान जिवाला तेही विषच. डॉक्टरांनी हे सगळं नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो गेला. आजीला घरात कुणी एक शब्द बोललं नाही.

मुलाचे भिजलेले कपडे काढले, अंग साबणाने धुतलं, दूधबीध काही दिलं नाही. रॉकेलची बाटली पिशवीत टाकली. पिवळ्या टॅक्सीत त्याला मांडीवर ताठ बसवलं. हाजरा मोडच्या सिग्नलला तो एकदा खोकला, तेव्हा माझेच हात गार पडले.

दवाखान्यात सहा तास नजरेखाली ठेवलं. चौथ्या तासाला त्याने बिस्कीट मागितलं.

“तुमि कोथाय शिखले?” बौदींनी विचारलं. कुठे शिकलीस?

“घरी,” मी म्हटलं.